चुंबकाची खूण

खटावकर सरांनी फळ्यावर 'चुंबक' असा शब्द लिहिला, त्यापुढं मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि आमच्याकडे वळून भुवया उंचावल्या. टेबलावर तिपाईला लावलेला त्यांचा कॅमेरा चालू होता.

युनूसनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो उठून पुढे गेला, उजवा पंजा समोर पसरला आणि करंगळीपासून एकेक बोट मिटवत हात हळूच आपल्या पोटाशी ओढून घेतला.

"वा! खेचून घेतो!" सरांचे ओठ मला स्पष्ट वाचता आले. त्यांनी लगेच करून पाहिलं. त्यांची करंगळी नीट मिटेना, तेव्हा युनूसनं त्यांचा हात हातात घेऊन बोटं मिटवून दाखवली.

फळ्यावर पुढचा शब्द आला. 'लोखंड.' आता माझी पाळी होती. मी डाव्या गालावर तर्जनी टेकवली आणि तिथंच फिरवली.

"गाल कशाला?" त्यांनी लिहून विचारलं.

मी खडू घेतला. 'दाढ टणक. लोखंड टणक.'

त्यांना ते फार आवडलं. 'तार' या शब्दाला युनूसनं छातीवर पंजा आपटला, आणि मी फळ्यावर खुलासा केला, 'करंट लागला की धक्का छातीत.' 'विद्युतधारा' म्हणजे पाची बोटं जुळवून कपाळाला लावायची आणि पुढे नेऊन उघडायची. 'बल्ब' म्हणजे डोक्यावर मुठीनं ठोकायचं आणि मग तीच मूठ हवेत उघडून रिकामा पंजा दाखवायचा.

"डोक्यात उजेड पडला!" सर खूश झाले.

मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून पूर्ण वाक्य केलं. तारेतून विद्युतधारा वाहिली की लोखंडाचं चुंबक होतं आणि बल्ब पेटतो. तार, विद्युतधारा, लोखंड, चुंबक, बल्ब. वर्गात कुणी हसलं नाही. न हसण्याचं आमचं आधीच ठरलं होतं. नसरीनला हसू आवरता येत नाही म्हणून तिला त्या दिवशी आम्ही शाळेलाच येऊ दिलं नव्हतं.

जाताना सरांनी आम्हाला क्रीमची बिस्किटं वाटली.

मी जन्मापासून बहिरी. इचलकरंजीत आमच्या घराखालीच यंत्रमागाचं शेड होतं आणि मागांची धडधड मला तळपायांतून कळायची, तेवढाच माझा आवाजाशी संबंध. आमची शाळा कर्णबधिर मुलांची होती, पण तिथं हातांनी बोलायला बंदी होती. ओठ वाचा, तोंडानं बोला. हात हलले की फूटपट्टी. वर्षानुवर्षं गळ्यावर बोटं ठेवून आम्ही 'प' आणि 'ब' घोटत बसायचो. त्यात विज्ञानाला वेळ कुठला? आमच्यासारख्यांना गणित-विज्ञान टाळून सोपे विषय घेऊन दहावी करायची सवलत होती. आमच्या हेडसरांनी त्या सवलतीचा नियमच करून टाकला होता. शाळेत प्रयोगशाळेची खोली होती, तिच्यात गॅदरिंगच्या खुर्च्या ठेवलेल्या असत.

मी सातवीत असताना आवटीबाई आल्या. तात्पुरत्या नेमणुकीवर. त्यांचा धाकटा भाऊ बहिरा, त्यामुळे त्यांचे हात लहानपणापासून बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि हातांनी विचारलं, "पाणी उकळलं की कुठं जातं?"

आम्ही सगळे दाराकडे बघायला लागलो. कुणी पाहिलं तर?

"दाराकडे काय बघताय? पाण्याचं विचारलंय मी."

त्यांनी खुर्च्या हलवून ती खोली मोकळी केली. अडचण एकच होती. बाष्पीभवन, घर्षण, पेशी, दाब यांना हातांत शब्दच नव्हते. कुणी कधी आम्हाला ते शिकवायचं मनात आणलं नव्हतं, तर शब्द येणार कुठून? बाई म्हणाल्या, "आपण करू." आधी प्रयोग करायचा, मग भांडायचं, मग खूण ठरवायची. घर्षणाच्या खुणेवरून मी आणि युनूस आठवडाभर एकमेकांशी बोललो नव्हतो. शेवटी त्याचीच खूण वर्गानं घेतली आणि मला ती मनातून पटलेली होती, म्हणून जास्तच राग आला होता.

युनूस जमादार हा आमच्यातला नकलाकार. माणूस एकदा पाहिला की तो त्याच्या हातापायांत उतरायचा.

नववीत खटावकर सर आले, पुण्याच्या एका संस्थेतर्फे. मोठी संस्था म्हणून हेडसरांनी प्रयोगशाळेपुरता आमच्या हातांकडे कानाडोळा केला. सगळ्या मुलांना विज्ञान मिळावं, कुणी मागे राहू नये, म्हणून ती संस्था एक पेटी तयार करत होती. निळ्या प्लास्टिकच्या पेटीत चुंबकं, तारा, भिंगं, तक्ते आणि खुणांची सीडी. ती राज्यातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळांत वाटायची होती. बाईंना केवढा आनंद झाला! त्यांनी सगळं उघडं करून ठेवलं. सर यायचे, चित्रण करायचे, जायचे. धड्यामागून धडा.

मग एक दिवस बाईंनी विचारलं, "सीडीत मुलं दिसतील ना?"

सर हसले. बाईंनी त्यांचं उत्तर नंतर आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, कारण आमच्यापासून त्या काही लपवायच्या नाहीत. सर म्हणाले होते, ही मुलं खुणा करताना तोंडं फार वेडीवाकडी करतात, बघायला बरं दिसत नाही. पडद्यावर मी स्वतःच येईन.

"आणि नाव?" बाईंनी विचारलं होतं.

"संकल्पना माझी आहे, बाई."

"मग राहिलेले धडेही तुमच्याच संकल्पनेतून काढा," असं म्हणून बाईंनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं. वीज आणि चुंबकत्व हा धडा तेवढा राहिला होता.

त्यानंतरच्या एका दुपारी मी व्हरांड्यात उभी होते. हेडसरांच्या खोलीला काचेची खिडकी होती. आत खटावकर सर बसलेले, तोंड माझ्याकडे. ओठ वाचायला मला याच शाळेनं शिकवलं होतं, मारून मारून शिकवलं होतं. मी वाचले.

"नेमणूक संपतेच आहे ना त्यांची? मग वाढवू नका. हातवारे शिकवून मुलांची वाचा बिघडवतात, एवढं कारण पुरे आहे. बाकीचं मी मुलांकडून काढून घेईन. मुकी पोरं, खाऊ दिला की झालं."

हेडसरांनी मान डोलावली आणि चहा पुढे सरकवला.

महिना संपला आणि आवटीबाई गेल्या. जाताना रडल्या नाहीत. प्रयोगशाळेत पुन्हा खुर्च्या आल्या. हेडसरांनी आम्हाला रांगेत उभं करून तोंड मोठं उघडून सांगितलं, की खटावकर सर मोठं काम करताहेत, पुण्यात बहिऱ्यांच्या मंडळासमोर ते दाखवणार आहेत, त्यांना सगळ्यांनी मदत करायची.

त्या संध्याकाळी शाळेमागं, पाण्याच्या टाकीजवळ, मी खिडकीतलं सगळं युनूसला सांगितलं. खाऊचंही सांगितलं. त्याचा चेहरा एकदम कोरा झाला.

"कॅमेरा फोडू," तो म्हणाला.

"दुसरा आणतील."

"मग काहीच द्यायचं नाही. हात खिशात."

"नाही," मी म्हटलं. "द्यायचं. मागतील ते सगळं द्यायचं. एक सांग, त्यांना आपली साधी एक तरी खूण येते का? पाणी? जेवण? तुझं नाव?"

युनूस विचार करायला लागला. सरांना फक्त धड्यातले शब्द हवे असत. मधल्या सुट्टीत आमच्याशी ते कधी बोलले नव्हते. आमचे हात आपसात चालू झाले की ते घड्याळ बघायचे. वर्ष झालं तरी त्यांना 'नमस्कार' येत नव्हता.

युनूस सावकाश हसायला लागला.

आम्ही टाकीजवळ बसून ते वाक्य बांधलं. आधी बाईंबरोबर खुणा जुळवायचो तसंच, भांडून, खोडून, पुन्हा करून. तो धडा मी आयुष्यात सगळ्यांत मन लावून तयार केला असेल.

पेटीचं प्रकाशन पुण्यात होतं. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून संस्थेनं शहरातल्या बहिऱ्यांच्या मंडळाला बोलावलं होतं. आम्हालाही कडक इस्त्रीचे गणवेश घालून नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. मी मागे वळून पाहिलं आणि बघतच राहिले. म्हातारी माणसं, तरुण मुली, नोकरदार, सगळ्यांचे हात चालू. एवढे बोलणारे हात एका जागी मी कधीच पाहिले नव्हते. कुणी कुणाला दटावत नव्हतं.

व्यासपीठावर संस्थेच्या अध्यक्षा इनामदार मॅडम होत्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ बसलेल्या. कडेला दुभाषी म्हणून एक मुलगी उभी होती. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष रेवणकर काका यांची ती मुलगी, वंदना. तिला ऐकू यायचं. भाषणं ती खुणांत करून दाखवत होती आणि मला प्रत्येक वाक्य कळत होतं. कार्यक्रम म्हणजे ओठांकडे बघून डोळे दुखवणं, हीच माझी तोवरची समजूत.

खटावकर सर उठले. मोरपंखी झब्बा घातलेला. त्यांनी वंदनाला हातानं थांबायला सांगितलं. आता दुभाष्याची गरज नाही, मी स्वतःच बोलणार, अशा ऐटीत ते पुढे आले. मागच्या पडद्यावर शब्द उमटला, 'विद्युतचुंबक.' युनूसनं माझं मनगट घट्ट धरलं.

सरांनी छातीवर पंजा आपटला.

मग पाची बोटं कपाळाला लावून पुढे नेली आणि उघडली. मग गालावर तर्जनी फिरवली. मग पंजा पसरून, करंगळीपासून एकेक बोट मिटवत, हात पोटाशी ओढून घेतला. आणि शेवटी डोक्यावर ठोकून रिकामा पंजा सगळ्या सभागृहाला दाखवला.

मी. विद्या. तिची. चोरली. डोकं रिकामं.

क्षणभर सगळे हात थांबले. सरांना वाटलं, लोक भारावले. म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा केलं, अधिक सावकाश, चेहऱ्यावर स्मित ठेवून.

मग हशा फुटला. आमच्या हसण्याला आवाज किती असतो ते मला माहीत नाही, पण व्यासपीठावरची माणसं दचकली आणि खुर्च्यांच्या दांड्यांतून ते हसणं माझ्या हातांपर्यंत पोचलं. सर गोंधळले. लोकांना कळलं नाही असं वाटून त्यांनी तिसऱ्यांदा केलं. एक बाई डोळे पुसत खुर्चीवरून घसरली.

इनामदार मॅडम वंदनाकडे वळल्या. "काय झालं? लोक का हसताहेत?"

वंदनानं मान खाली घातली.

"अगं, सर काय म्हणाले ते सांग ना."

वंदनानं माइक ओढला. तिचे ओठ मला नीट दिसत होते. "सर म्हणाले... मी कुणाची तरी विद्या चोरली. माझं डोकं रिकामं आहे."

सरांचा चेहरा उतरला तो मी अगदी पुढून पाहिला. आधी कान लाल झाले, मग मान. त्यांची नजर रांगेवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. मी नजर हटवली नाही. त्या क्षणी मला एवढं बरं वाटलं की ते कसं सांगावं मला कळत नाही.

रेवणकर काका उभे राहिले. ते हसत नव्हते. त्यांनी हातांनी विचारलं, आणि वंदनानं ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं, "गालावर बोट फिरवलं, ते कुणाचं तरी नाव आहे. हे कोण?"

आम्ही बहिरे माणसाला त्याच्या चेहऱ्यावरून, सवयीवरून नाव देतो. आवटीबाईंच्या डाव्या गालाला खोल खळी पडायची. बोट गालावर टेकवून फिरवलं की झाल्या बाई.

आमचं ठरलं होतं तेवढं झालं होतं. सरांची फजिती बघायची आणि गप्प परत जायचं. पुढचं काही ठरलेलं नव्हतं. पण काकांचा प्रश्न हवेत होता आणि हेडसर रांगेच्या टोकाशी दातओठ खात उभे होते. मी उठले. व्यासपीठाच्या पायऱ्या चढून वंदनासमोर उभी राहिले आणि हात उचलले.

"आमच्या बाई. आवटीबाई. या पेटीतल्या सगळ्या खुणा त्यांनी आणि आम्ही मिळून केल्या. या सरांनी त्यांना काढायला लावलं. मी खिडकीतून ओठ वाचलेत."

वंदनाचा आवाज कसा होता मला माहीत नाही. पण ती बोलत असताना ऐकणाऱ्यांच्या रांगांत एकही माणूस हलला नाही.

"मग हा धडा?" इनामदार मॅडमनी विचारलं. "याच्या खऱ्या खुणा कुठल्या?"

"आहेत. आमच्याजवळ आहेत. बाई शाळेत परत येतील तेव्हा सांगू. त्याआधी कुणालाही नाही."

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी माझ्या वडिलांना शाळेत बोलावलं. वडील मागावरूनच आले, केसांत सुताचा भुसा. त्यांना खुणा येत नव्हत्या. माझ्याशी ते कमीच बोलायचे, कारण कसं बोलावं तेच त्यांना माहीत नव्हतं. हेडसरांचं तोंड खूप वेळ चाललं. शाळेची अब्रू, दाखला, पाहुण्यांचा अपमान. वडील ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले आणि एकेक शब्द सुटा करून, मला वाचता येईल असं विचारलं, "त्यानं खरंच चोरलंय काय?"

मी मान हलवली.

वडील हेडसरांना म्हणाले, "मग पोरगी खोटं कुठं बोलली?"

आणि टोपी घालून ते मागावर निघून गेले.

संस्थेला पेट्या वाटता आल्या नाहीत. सगळ्या सीड्या गोदामातच राहिल्या. इनामदार मॅडम स्वतः शाळेत आल्या, हेडसरांच्या खोलीचं दार लावून बराच वेळ बसल्या, आणि पुढच्या सोमवारी आवटीबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. आम्ही धावलो. पण त्या हसल्या नाहीत.

"कुणी केलं ते?"

मी आणि युनूसनं हात वर केले.

"लहान मुलांच्या हातात खोटा शब्द द्यायला निघाला होतात. उद्या एखादी पोर चुंबकाला चोरी म्हणाली असती."

"पेट्या वाटण्याआधीच कळणार होतं," युनूस म्हणाला. "पुण्यात सगळे बहिरेच तर बसले होते."

"आणि नसतं कळलं तर?"

बाईंचं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पेटी पुढच्या वर्षी निघाली. तिच्या सीडीत माझे हात आहेत, युनूसचे आहेत, आमची वेडीवाकडी तोंडं आहेत. मी सवलत न घेता दहावी झाले, पुढे पदवी घेतली आणि आता अशाच एका शाळेत विज्ञान शिकवते. पण त्या पेटीचं काम सुरू होण्याआधी आमची एक अट होती आणि ती इनामदार मॅडमनी मान्य केली होती. खटावकर सरांनी वर्गात येऊन माफी मागायची.

ते आले. फळ्यासमोर उभे राहिले आणि बोलायला लागले. बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून प्रत्येक शब्द हातांत उतरवत होत्या, आपल्या पदरचं काही न घालता. घाई झाली, गैरसमज झाला, हेतू चांगला होता, मुलांविषयी कळकळ होती.

मी हात वर केला. "बाई, त्यांना सांगा, तोंडाची माफी आम्हाला चालत नाही. हातांनी मागा."

बाईंनी सांगितलं.

"मला ती खूण येत नाही," सर म्हणाले.

"मग शिका."

मी पुढे गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. उजव्या हाताची मूठ वळली, छातीवर टेकवली आणि सावकाश गोल फिरवली. त्यांना कळावं म्हणून पुन्हा फिरवली.

त्यांनी हात उचलला आणि अर्ध्यात थांबवला. माझ्या मुठीकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी अगदी शांत उभी होते, बिस्किटं वाटली त्या दिवशी होते तशीच.

"बाई," ते म्हणाले, "ही... ही खूण बरोबर आहे ना?"

बाईंनी तो प्रश्न जसाच्या तसा आमच्यासाठी हातांनी केला. मग त्यांच्याकडे वळल्या. "मी इथं दुभाषी आहे, सर. तुमचं त्यांना सांगायचं आणि त्यांचं तुम्हाला."

"त्यांना सांगा, बरोबर आहे," मी म्हटलं.

बाईंनी सांगितलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. वर्गातले सगळे डोळे त्यांच्या हातावर होते. शेवटी त्यांनी मूठ वळली, छातीवर ठेवली आणि गोल फिरवली.

खूण अगदी बरोबर होती.

मी वळून युनूसकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही सगळे एकदम खो खो हसायला लागलो. खटावकर सर छातीवरच्या आपल्या मुठीकडे बघत उभे राहिले.